डाव्या हाताचा सौदा

पुराणिक वकिलांनी दाव्याचा कागद जवळजवळ पुरा लिहून ठेवला होता. नाव मुखरू, बापाचं नाव कोलू, राहणार बोरमाळा, मूलजवळ, धंदा बैलबाजारातली दलाली. जीपगाडी कोणत्या ठेकेदाराची, कोणत्या तारखेला, कोणत्या वळणावर अंगावर आली आणि उजव्या हाताची किती बोटं घेऊन गेली, तेही सगळं त्यात आलं होतं. मधे एक जागा तेवढी कोरी होती. तिथं भरपाईचा आकडा यायचा होता.

"बोल बाबा," वकील म्हणाले. "किती मागायचे?"

मुखरू त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. आता बघा गंमत! बावीस वर्षं या माणसानं लोकांच्या बैलांचे भाव ठरवले, हजारो जोड्या त्याच्या हातावरून या दावणीच्या त्या दावणीला गेल्या, आणि स्वतःच्या तीन बोटांचा भाव त्याला तोंडानं सांगता येईना. वकिलांना वाटलं, गडी घाबरला. घाबरला तर होताच. पण खरी गोष्ट अशी की मुखरूनं जन्मात कधी भाव तोंडानं सांगितलाच नव्हता.

बोरमाळ्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचा भाव कोणी मोठ्यानं बोलत नसे. विकणारा एका अंगाला, घेणारा दुसऱ्या अंगाला, मधे दलाल. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकायचा आणि त्याच्या खाली बोटांनी बोलणं व्हायचं. समोरच्याची चार बोटं धरली की चार शेकडे, तीन धरली की तीन. भोवती पन्नास टाळकी उभी असोत, दुपट्ट्याखाली काय चाललं ते कोणाला कळायचं नाही. सौदा जमला की घेणारा एक रुपया इसार ठेवायचा. त्यानंतर घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला, आणि विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. पण फिरतो कोण! फिरलेल्या माणसाच्या हाताला पुन्हा कोणी हात लावत नसे. आणि हे सगळं उजव्या हातानं. डावा हात पुढं केला तर समोरचा उठून चालता व्हायचा.

मुखरूला ही विद्या हाफिजचाचानं दिली. हाफिज मूलचा, बाजारातला सगळ्यात जुना दलाल. मुखरूचा बाप गावची ढोरं चारायचा, घरी वीतभर जमीन नाही. एका बाजारी हाफिजनं मुखरूचा तळहात दाबून पाहिला, बैलाचे दात पाहावेत तसा उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "कल से कुऱ्हाड नाई धरायची या हातानं." तेव्हापासून मुखरूनं उजव्या हातानं लाकूड फोडलं नाही, दोर ओढला नाही, नांगर धरला नाही. रोज मोहाच्या बियांचं तेल चोळायचा. कारण बोटं मोजणं कोणालाही येतं. समोरच्याच्या हाताला घाम आलाय का, तीन धरताना चौथ्या बोटाकडे त्याचा अंगठा सरकतोय का, हे कळायला कातडी मऊ लागते. गावातल्या बाया त्याला हसायच्या. "मुखरूभाऊचा हात म्हंजे नवरीचा हात!" म्हणायच्या. तोही हसायचा आणि तेल लावायचा.

तो हात गेल्या साली, पौष सरत आला असताना, जीपखाली गेला.

सकाळची वेळ, धुकं असं की बैलाची शिंगं दिसत नव्हती. मुखरू विकलेली एक जोडी घेणाऱ्याच्या गावी पोचवायला निघाला होता. एरवी दोर डाव्या हातात असायचा. पण त्या दिवशी डाव्या हातात कंदील होता, म्हणून त्यानं दोर उजव्या हाताला वेढला. बावीस वर्षांत एकदा, आणि तेवढ्यातच घात झाला. वळणावरून ठेकेदाराची जीप आली, बैल बिचकून उधळले, मुखरू आडवा पडला आणि चाक पंजावरून गेलं. जीपमधे ठेकेदाराचा मुनीम भैयाजी बसला होता. त्यानं मुखरूला उचलून चांद्याच्या दवाखान्यात नेलं, एवढं खरं. डॉक्टरांनी मधलं बोट, अंगठीचं बोट आणि करंगळी काढून टाकली. उरलं काय, तर अंगठा आणि एक बोट.

तिसऱ्या दिवशी भैयाजी केळी घेऊन आला. हा भैयाजी दर सोमवारी बाजारात यायचा, लाकडाच्या गाड्यांसाठी ठेकेदाराचे बैल तोच घ्यायचा, त्याला बोटांची भाषा चांगली ठाऊक. तो खाटेवर टेकला, इकडे तिकडे पाहिलं आणि चादरीखाली हात घातला. मुखरूचा उजवा हात तर पट्ट्यांत गुंडाळलेला. भैयाजीनं डावा हात धरला. चार बोटं धरली, घट्ट. चारशे. मुखरू तापात होता, पण त्यानं अंगठा दाबून होकार दिला. भैयाजीनं उशीजवळ एक रुपया ठेवला आणि निघून गेला.

"मग?" वकिलांनी विचारलं.

"मंग वाट पाह्यली जी."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

वकिलांनी टाक खाली ठेवला. "अकरा महिने! अरे, कागद नाही, सही नाही, चादरीखाली बोटं धरली म्हणून तू अकरा महिने बसून राहिलास? कोणी पाहिलं ते?"

"कोनी नाई. कोनी पाहू नये म्हनूनच तं चादर असते." मुखरूला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

वकील आधी हसले आणि मग चिडले. त्यांचंही खरंच होतं. या अकरा महिन्यांत मुखरू सात वेळा ठेकेदाराच्या डेपोवर गेला होता. दर वेळी नवं कारण: शेठ नागपूरला गेले, जंगलातल्या कूपाचं लाकूड निघू दे, पावसाळा जाऊ दे. गेल्या महिन्यात गेला तेव्हा भैयाजी चार लोकांदेखत हसून म्हणाला होता, "डाव्या हाताचा सौदा कुठी सौदा असते का, मुखरू?" त्या दिवशी मुखरूच्या बायकोनं, वच्छलानं, त्याला दंड धरून छोट्या लाइनच्या गाडीत बसवलं आणि चांद्याला या वकिलांच्या दारात आणून उभं केलं. वकिलांनी नोटीस धाडली. उत्तर आलं की त्या तारखेला आमची जीप बल्लारपूरच्या डेपोत उभी होती, मूलच्या रस्त्याला ती गेलीच नाही. सगळं झटकून मोकळे!

"हे बघ, नीट ऐक," वकील म्हणाले. "बुधवारी अपघाताला वर्ष भरतं, दावा त्याच्या आतच लावावा लागतो. बुधवारी संध्याकाळी कोर्ट बंद झालं की तुझा दावा मेला. आज शनिवार. मी म्हणतो तीन हजार मागू. वर्षाचे अडीचशे तू मिळवत होतास, अजून बारा वर्षं मिळवले असतेस. पण शंभराला साडेसात रुपये कोर्टाचा स्टॅम्प आधी भरावा लागतो. तीन हजाराला सव्वादोनशे. हरलास तर ते गेले. चारशे मागितलेस तर तीस रुपयांत काम होईल. माझी फी नंतर पाहू. आणि दुसरी गोष्ट, जीप त्यांचीच होती हे सांगणारा एक तरी माणूस आण. बैलांची साक्ष कोर्ट घेत नाही."

मुखरू खाली मान घालून बसला. तीन हजार म्हणजे सहा-सात जोड्या. एवढे रुपये त्यानं दुसऱ्यांचेही एकदम पाहिले नव्हते.

"वकीलसाहेब, मी हात देल्ला हाय. चारशेवर."

"तो फिरला ना!"

"अजून नाई फिरला. मस्करीत बोलला. इसार माह्यापाशी हाय." त्यानं धोतराच्या गाठीतला रुपया काढून दाखवला. अकरा महिन्यांत घरात मीठ नव्हतं तेव्हाही तो मोडला नव्हता. "आता मी तीन हजार मांगले तं मीच फिरलो. परवा बाजार हाय. मुनीम येतेच. त्याले एकडाव इचारतो."

"विचार," वकील म्हणाले. "आणि मंगळवारी रात्री देवाचं नाव घेऊन ठरव. मी ही जागा कोरी ठेवतो."

घरी आल्यावर रविवारी दुपारी त्यानं वच्छलाला सांगितलं. ती नुकतीच रानातून बांबूची मोळी घेऊन आली होती. मुखरू घरी बसल्यापासून तीच बांबू तोडायला जायची, दोन पोरींना आणि म्हाताऱ्या सासूला तीच पोसत होती. ती मोळी टाकून उभ्यानंच ऐकत राहिली.

"चारशे?" ती म्हणाली. "चारशात काय होते जी? दोन सालं खाऊ, मंग?"

"हात देल्ला हाय, वच्छले."

"कोनता हात? डावा? तो मुनीमच म्हन्ते ना डाव्याचा सौदा नसते म्हनून!"

"तो म्हन्ते. मी कसा म्हनू? माह्या बापाले वावर नव्हतं, घर नव्हतं. माह्यापाशी एकच चीज होती, का मुखरू फिरत नाई. ते भी घालवू?"

"अन् ते नाव कोन वापरून राह्यलं आता? कोन देते तुमाले हात?"

हे त्याला लागलं. कारण खरं होतं. दुपट्ट्याखाली डावा चालत नाही आणि उजव्यात धरायला बोटं नाहीत. वर्षभर तो दर सोमवारी दुपट्टा खांद्यावर टाकून बाजारात जायचा, लोक त्याला तंबाखू द्यायचे, बैलाचे भोवरे दाखवून मत विचारायचे, आणि सौद्याची वेळ आली की दुसऱ्या दलालाकडे वळायचे. तरी तो जायचा. त्याला मनातून वाटायचं, कोणीतरी एक दिवस हात पुढं करील.

वच्छला त्याच्यासमोर बसली. तिनं आपले दोन्ही पंजे त्याच्यापुढं धरले. बांबूच्या कुसळांनी चिरलेले, भेगा पडलेले, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा.

"तुमचा हात मऊ राहावा म्हनून अठरा सालं मी लाकडं फोडली," ती म्हणाली. "पानी मी ओढलं, बांधावरची मातीबी मीच फेकली. एक दिवस म्हनलं नाई का तुमी करा. म्हंजे त्या तुमच्या हातात माहा हात हाय का नाई? मंग मुनीमानं चार बोटं धरली तवा माह्या हाताचे किती धरले, सांगा मले!"

खरंच, मुखरूनं हे कधी मोजलंच नव्हतं. शरम वाटली त्याला, इतकी की तो उठून बाहेर गेला आणि गोठ्यापाशी उभा राहिला. गोठ्यात एकच कालवड होती, वच्छलाच्या माहेरून आलेल्या गाईची. ती त्याचा थोटा हात चाटत राहिली.

सोमवारी पहाटेच वच्छला घरात नव्हती. बांबूला गेली असेल, असं त्याला वाटलं. तो दुपट्टा घेऊन बाजारात गेला. हा दुपट्टा हाफिजनंच त्याला पहिल्या सौद्याच्या दिवशी दिला होता, कडेला दोन लाल पट्ट्या असलेला. बाजार भरात आला होता. धान निघालेलं, लोकांच्या हातात पैसा, शेणाचा आणि कडब्याचा वास, बैलांच्या गळ्यांतल्या घंटा. चारशे आले तर घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं, आणि नाही आले तर काय करायचं, एवढंच मुखरूच्या डोक्यात फिरत होतं.

हाफिज आपल्या नेहमीच्या चिंचेखाली बसला होता. त्याच्या शेजारी घरची कालवड बांधलेली!

"चाचा, हे इथी काऊन?"

"तुझी घरवाली घेऊन आली सकाळी. सौदा झाला. पंच्याऐंशी." हाफिजनं वर पाहिलं नाही. "मला म्हणाली, त्याले सांगू नका. पण मी खोटं नाई बोलत."

मुखरूच्या डोक्यात एकदम हिशेब बसला. घरी मडक्यात पोरींच्या लग्नासाठी राखून ठेवलेले एकशेचाळीस होते. एकशेचाळीस आणि पंच्याऐंशी, सव्वादोनशे. म्हणजे बाईनं ठरवून टाकलं होतं. तो तिथंच उकिडवा बसला.

"चाचा, मी काय करू? हात देल्ला हाय, अन् ती म्हन्ते तीन हजार."

हाफिज कडक माणूस, बाजाराचा नियम त्याच्यासाठी नमाजासारखाच. "हाथ दिया तो दिया, बेटा," तो म्हणाला. "तू नाई फिरायचं. पण पहले देख तर, समोरचा उभा आहे का."

भैयाजी अकराच्या सुमाराला आला. डोक्याला फेटा, हातात छडी, मागं बैल धरायला दोन गडी. मुखरू त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला.

"राम राम, मुनीमजी. बसता का? एक सौदा बाकी हाय आपला."

भोवतीचे लोक थबकले. वर्षभरात मुखरूच्या तोंडून 'सौदा' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. भैयाजीनं हसून चारी बाजूंना पाहिलं. टाळावं तर एवढ्या लोकांत बरं दिसेना, आणि बसल्यानं काय बिघडतं, दुपट्ट्याखालचं कोण पाहतं!

"बसू ना," तो म्हणाला. "पन उजवा हात दे बरं. डाव्याचं मले चालत नाई."

लोक हसले. मुखरू खाली बसला. त्यानं उजवा हात पुढं केला, अंगठा आणि एक बोट उरलेला, आणि वर दुपट्टा टाकला.

"बोट एकच हाय, मुनीमजी," तो म्हणाला. "जितके शेकडे, तितके डाव दाबा. दवाखान्यात जे ठरलं तेच दाबा. जास्त नको मले."

भैयाजीचा हात दुपट्ट्याखाली आला. त्यानं ते एक बोट धरलं. दाबलं.

एक.

मुखरू थांबला. आता दुसरा येईल. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता आणि कानात बैलांच्या घंटा वाजत होत्या. चिंचेखालून हाफिज पाहत होता. दोन गाड्यांपलीकडे लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून वच्छला उभी होती, ती त्याला आत्ता दिसली. दाब ना बाबा, तो मनात म्हणत होता. दुसरा दाब. तिसरा दाब. चार दाबले तर मी उठतो, तिच्या पाया पडतो, पण माझा शब्द राहतो. दाब!

दुसरा दाब आला नाही. मुखरूच्या त्या उरलेल्या बोटाची कातडी अजून मऊ होती, आणि त्या कातडीला सगळं कळलं. भैयाजीचा हात कोरडा होता, थंड होता, त्यात घाई नव्हती की लाज नव्हती. असा हात मुखरूला माहीत होता. आधीच ठरवून आलेल्या माणसाचा तो हात असतो. आणि मग त्या हाताचा अंगठा सरकला आणि जिथं तीन बोटं होती त्या खुंटांवरून गंमतीनं फिरला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

मुखरूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बावीस वर्षांत बोरमाळ्याच्या बाजारात जे कोणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. डाव्या हातानं दुपट्टा धरला आणि ओढून टाकला.

"अगं आई!" कोणीतरी म्हणालं. भर उन्हात, चाळीस-पन्नास माणसांच्या समोर, ठेकेदाराचा मुनीम एका थोट्या हाताचं एक बोट धरून बसला होता. भैयाजीला हात सोडायचंही सुचलं नाही.

"शंभर!" मुखरू ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "पाहा रे, लोकहो! चारशेचा सौदा, इसार देल्ला, अन् आता शंभर दाबते! शंभर!"

भैयाजी ताडकन उठला. चारचौघांत दुपट्टा ओढला जाणं म्हणजे अंगावरचं वस्त्र ओढण्यासारखंच. तो तांबडालाल झाला. "शंभर का कमी हाय बे? गाडीखाली तीन बोटंच गेली ना तुही, मुंडी तं नाई गेली! मीच उचलून नेलं दवाखान्यात, नाईतं तिथीच मेला असता वळनावर! उपकार इसरला, हरामखोर!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो. त्यानं भोवती पाहिलं. सगळा घोळका ऐकत होता. "चला रे," तो गड्यांना म्हणाला आणि बैल न घेताच बाजारातून निघून गेला.

मुखरू जमिनीवर तसाच बसलेला, धुळीत पडलेला दुपट्टा त्याच्या पायाशी. राग उतरला तशी त्याला भीती वाटायला लागली. आपण काय केलं, ते त्याच्या लक्षात आलं. ज्या दलालानं एकदा दुपट्टा काढला त्याच्या हाताशी पुन्हा कोण बोलणार? उजव्याशी नाही, डाव्याशी नाही, कधीच नाही. तो जे वर्षभर मनात धरून होता की कोणीतरी एक दिवस हात देईल, ते त्यानं स्वतःच संपवलं होतं.

हाफिज काठी टेकत आला. वाकून त्यानं दुपट्टा उचलला, धूळ झटकली, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. बावीस वर्षांपूर्वी दिलेला दुपट्टा त्यानं परत घेतला.

"मुखरू, तेरा हाथ बंद हुआ," तो म्हणाला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "बाजारात बसू नको आता. कायदा म्हणजे कायदा."

"हो चाचा."

"अन् इसार बुडाला मुनीमाचा. तो फिरला, तू नाई. हे सगळ्यांनी पाहिलं." तो घोळक्याकडे वळला. "पाहिलं ना?"

"पाह्यलं, पाह्यलं," लोक म्हणाले.

"वकील को बोल, हाफिज येईल साक्षीला. काय बोलला ते मी सांगतो. गाडी त्याचीच. चाळीस सालांत दुपट्ट्याखालचं मी बाहेर बोललो नाई, पण हे तर उघड्यावर बोलला तो."

मग वच्छला आली. तिनं त्याचा तो थोटा हात धरून त्याला उभं केलं, सगळ्यांसमोर. तिच्या भेगाळलेल्या तळव्याचा खरबरीतपणा त्याला त्या मऊ बोटाला लागला, आणि मुखरू तिथंच, भर बाजारात, ढसाढसा रडला. पदराच्या गाठीतले पंच्याऐंशी तिनं नीट दाबून पाहिले आणि त्याला घेऊन निघाली.

बुधवारी ती दोघं आणि हाफिज पहिल्या गाडीनं चांद्याला पोचली. वकिलांनी हाफिजचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. टेबलावर वच्छलानं रुपये मांडले. वकिलांनी मोजले, सव्वादोनशे भरले. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि ती कोरी जागा पुढं ओढली.

"आता आकडा बोल."

मुखरूनं सवयीनं हात पुढं केला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं तो मागं घेतला. एकदा हाफिजकडे पाहिलं. हाफिज खिडकीबाहेर बघत होता.

"तीन हजार," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की वकिलांना ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं."

"तीन हजार!"

वकिलांचा टाक कागदावर टेकला, तेवढ्यात मुखरू म्हणाला, "थांबा जी." त्यानं धोतराची गाठ सोडली आणि वर्षभर सांभाळलेला तो रुपया टेबलावर ठेवला. "हा बुडालेला इसार हाय. माहाच झाला आता. या एका रुपयाच्या स्टॅम्पात अजून किती मांगता येते?"

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं, मनात हिशेब केला. "तेरा रुपये. का?"

"मंग तीन हजार तेरा लिहा."

"अरे, कोर्टात विचारतील. तीन हजार तुझ्या हाताचे, हे मी सांगीन. हे वरचे तेरा कशाचे?"

मुखरूनं वच्छलाचा हात धरून टेबलावर ठेवला, भेगा वर करून.

"हिच्या हाताचे," तो म्हणाला. "लय कमी हायेत, मले ठाऊक हाय. पन माह्यापाशी एकच रुपया उरला. इचारू द्या कोर्टाले. मी सांगतो. मोठ्यानं सांगतो."